दोन प्रती आणि सहा चिन्हे

गेल्या पावसाळ्यात चंद्रपूरच्या घरातील संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली. आम्ही दोघेही मराठी शिकवतो, एक चंद्रपूरला आणि एक गडचिरोलीला; संगणकाविषयीचे आमचे ज्ञान बेताचेच. तरी 'बॅकअप आहे' एवढे आम्हांस ठाऊक होते आणि त्या बळावर आम्ही निर्धास्त होतो.

त्या संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते. विभागातील विंडोज एक्सपीचा जुना संगणक २०१२ साली मोडीत निघाला, तेव्हा एका विद्यार्थ्याने व्हर्च्युअलबॉक्स घालून त्यात एक्सपी पुन्हा बसवून दिले. कारण एकच होते. आमच्या दिवंगत सरांनी सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या धानाच्या मुलखात हिंडून बायकांकडून रोवणीची गाणी उतरवून घेतली होती, आणि नव्याने नोकरीस लागलेल्या आम्ही दोघांनी ती टंकित केली होती. युनिकोड आमच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीचे ते मराठी सॉफ्टवेअर. त्यातील फायली दुसऱ्या कशातही उघडल्या की इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा नुसता खच दिसतो. सरांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, कॅसेटना बुरशी लागली. उरले ते हेच.

महानुभावांच्या सकळ लिपीतल्या पोथ्या राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना बंदच होत्या, हे वर्गात किती वेळा सांगितले असेल! आमच्यावर मात्र नेमकी तीच पाळी आली. व्हर्च्युअल मशीनचे भाग दोन. एक डिस्कची अवाढव्य फाइल, जिच्यात सारा मजकूर असतो. दुसरी काही केबींची सेटिंग्जची फाइल. स्मृती किती, डिस्क कोणत्या कंट्रोलरला जोडलेली, नेटवर्क कार्डाचा क्रमांक कोणता, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. आम्ही मोठी फाइल निष्ठेने बाहेरच्या डिस्कवर उतरवत आलो होतो. लहान फाइल आम्हांस क्षुल्लक वाटली.

नव्या संगणकावर आम्ही अंदाजाने नवी सेटिंग्ज भरली. निळा पडदा आला. जुने एक्सपी आयडीई कंट्रोलरवर बसवलेले होते आणि आम्ही डिस्क साटाला जोडली होती. ते बदलताच एक्सपी उठले, ओळखीची हिरवी टेकडीही दिसली. पण मराठी सॉफ्टवेअर परवान्याचा संकेतांक मागू लागले. त्याचा परवाना नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेला होता आणि तो देणाऱ्यांचा दूरध्वनी आता कोणी उचलत नाही. तो क्रमांक बारा चिन्हांचा. व्हर्च्युअलबॉक्स स्वतः देते त्या क्रमांकांची पहिली सहा चिन्हे नेहमी ०८००२७ अशीच असतात. उरलेल्या सहांच्या शक्यता एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक.

मग जुन्या बॅकअपांचा शोध सुरू झाला. चंद्रपूरला एक डीव्हीडी सापडली. तिच्यावरील सेटिंग्जची फाइल ओरखड्यांमुळे वाचता येईना. मात्र तिच्या शेजारी 'प्रीव्ह' असे शेपूट लावलेली दुसरी फाइल शाबूत होती. व्हर्च्युअलबॉक्स सेटिंग्ज नव्याने लिहिताना आधीची प्रत अशी बाजूला ठेवते. गडचिरोलीच्या लॅपटॉपमध्ये २०१५ साली केलेला क्लोन निघाला. त्याची फाइल स्वच्छ, पूर्ण आणि अलीकडची. दोहोंतील क्रमांक वेगळे.

लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली, ते स्मरणातून पुन्हा उभे राहिले आणि पाठभेद उरले, हे शिकवणाऱ्या माणसांनी या टप्प्यावर गोंधळू नये. आम्ही गोंधळलो. गडचिरोलीचा पक्ष नव्या प्रतीच्या बाजूने होता, आणि तो मोठ्या हिरिरीने मांडला गेला. चंद्रपूरची प्रत वेडीवाकडी होती. कधीच्या काळी काढून घेतलेल्या सीडीचा मार्गही तिच्यात तसाच राहिलेला. शेवटी अंतर्गत पुरावा कामी आला. प्रत्येक आभासी डिस्कच्या आत तिची स्वतःची ओळखखूण कोरलेली असते आणि सेटिंग्जच्या फाइलीतही ती नोंदलेली असते. आमच्या डिस्कवरील खूण वेड्यावाकड्या प्रतीशी अक्षरन्‌अक्षर जुळली. क्लोन करताना डिस्कला नवी खूण आणि कार्डाला नवा क्रमांक मिळाला होता. गडचिरोलीला ते सॉफ्टवेअर कधीच का उघडले नाही, याचा उलगडाही नऊ वर्षांनी झाला. तोवर आम्ही लॅपटॉपला दोष देत होतो.

सहा चिन्हे टंकित केली आणि गाणी उघडली.

झाडीबोलीत ळ नाही, त्याचा र होतो. सर 'डोरा' म्हणून सांगत, आमची पुस्तकी बोटे 'डोळा' उमटवीत, आणि सर पाठीशी उभे राहून तो खोडायला लावीत. आता वाचताना चौथ्या गाण्यात एक 'डोळा' त्यांच्या नजरेतून सुटलेला दिसला. तो आज दुरुस्त करावा की तसाच ठेवून तळटीप द्यावी, यावर चंद्रपूर आणि गडचिरोली यांचे अद्याप एकमत झालेले नाही.