आधी वय सांगा

व्हिएतनाममधल्या ह्युए स्टेशनवर दा नांगचं सर्वांत स्वस्त तिकीट मागितलं आणि लाकडी बाकांचा डबा मिळाला. अंतर शंभरेक किलोमीटरचं. बसनेही जाता आलं असतं, पण २००५ साली हाय व्हानच्या डोंगरात बोगदा झाल्यापासून रस्त्याची वर्दळ डोंगराच्या पोटातून जाते. रेल्वे अजून समुद्राच्या कडेकडेने जाते.

समोरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला नाव विचारलं नाही, देशही विचारला नाही. खुणांनी वय विचारलं. मी बोटांवर अठ्ठावन्न दाखवले, त्यांनी एकोणसत्तर. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "ची." माझ्याकडे बोट करून, "एम." मोठी बहीण, धाकटी बहीण. एवढं ठरल्यावर त्यांनी केळीच्या पानाची पुडी सोडली आणि शेंगदाणे घातलेला चिकट भात माझ्या हातावर ठेवला.

वय विचारणं तिथे आगाऊपणा नव्हे. ते कळल्याशिवाय बोलणंच अडतं, कारण व्हिएतनामी भाषेत रोजच्या बोलण्यात 'तू' आणि 'मी' यांच्या जागी नाती येतात. वडिलांचा थोरला भाऊ 'बाक', धाकटा 'चू', आत्या 'को'. मामा आणि मावशीलाही वेगवेगळे शब्द आहेत, आणि हे सगळे वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसांनाही लागू होतात. आपल्याला यात नवल वाटू नये. भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला काका आपणही म्हणतोच. पण आपण समोरच्याचं नातं बदलतो, स्वतः मात्र 'मी'च राहतो. तिथे तो 'मी'सुद्धा बदलतो. मला भूक लागली असं न म्हणता धाकट्या बहिणीला भूक लागली असं म्हणायचं. तीच बाई शेजारच्या मुलाशी बोलताना 'को' होते. माझ्याजवळच्या पुस्तकात 'मी'साठी 'तोइ' हा शब्द होता. तो चुकीचा नाही, पण दोन हात लांब उभा राहून बोलणारा आहे.

या भाषेचा पहिला मोठा छापील कोश अलेक्झांडर द ऱ्होड या जेझुइट धर्मगुरूने केला. तो १६५१ साली रोममध्ये छापला गेला. व्हिएतनामला पोचण्याआधी हा माणूस गोव्यात राहिला होता, हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं.

कमी पैशांत फिरायचं तर सारखं कोणाला तरी विचारावं लागतं. गाडी कुठे उभी राहते, या रश्शात माशांचा सॉस आहे का, आज रात्री खोली मिळेल का. आणि तिथे विचारायचं तर आधी त्या माणसाचं कोणीतरी व्हावं लागतं. पैसे जास्त असते तर यातलं बरंचसं कोणीतरी माझ्यासाठी परस्पर विचारलं असतं आणि मी महिनाभर नुसती पाहुणी राहिले असते. मी शाकाहारी. 'आन चाय', म्हणजे शाकाहार करते, एवढं सांगितलं की फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर मला टोफू-भाताचं ताट मिळायचं. तिथे पुष्कळ घरांत चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी टाळतात, त्यामुळे या शब्दाचं कोणाला नवल वाटत नाही.

लांग को स्टेशन मागे पडलं आणि गाडी डोंगराला चिकटून हळूहळू चढू लागली. खाली समुद्र. मीटरगेजचा हा मार्ग फ्रेंचांच्या काळात १९३६ साली हनोईपासून सैगोनपर्यंत पुरा झाला. पुढे देशाची फाळणी झाली, युद्धात पूल उडवले गेले. १९७६च्या अखेरीस गाडी पुन्हा सलग १,७२६ किलोमीटर धावली. समोरच्या 'ची' तेव्हा विशीत असतील. त्या वर्षी त्या कुठे होत्या, हे विचारण्याइतकी भाषा माझ्याजवळ नव्हती. त्याची खंत अजून आहे.

तुम्ही जाणार असाल तर खोलीचं नंतर बघा. आधी आपलं वय त्या भाषेत सांगायला शिका.