दप्तरातली उमेदवारी

चि. भाचीस,


जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात उमेदवारीची सुरुवात धूळ झाडण्यापासून होते. कागद सपाट ठेवायचा आणि मऊ ब्रश मधल्या भागाकडून कडांकडे हलक्या हाताने फिरवायचा. हात धुतलेले आणि कोरडे हवेत. थुंकी लावून पान उलटायचे नाही, टिपणे शिसपेन्सिलीनेच काढायची. काजळाची शाई दोन-तीनशे वर्षे काळीभोर राहते, पण तिच्यात डिंक असतो, त्यामुळे ओल लागली की अक्षर पसरते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे हा तर अपराधच समजावा; तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. जाणकार माणसे पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरतात, कारण गरज पडल्यास ते ठिगळ पुन्हा सोडवता येते.

झाडपूस महिनाभरात हाती बसते. टंचाई आहे ती वाचणाऱ्यांची. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते घराघरांतून पडलेली दप्तरे कसर आणि वाळवीच्या तोंडून सोडवण्यासाठी. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात ४५ खंड छापले, तरी ती निवडच होती. उरलेले कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. बहुतेक मजकूर मोडी लिपीत. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगलेली, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शाळांतून मोडी गेल्यावर हे वाचणारे झपाट्याने कमी झाले.

नुसती तारीख लावायची तरी अभ्यास लागतो. कागदावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे असते. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. मिळून शुहूर सन ११६१. हे वर्ष जूनमधल्या मृग नक्षत्राला बदलते, म्हणून पहिल्या सात महिन्यांना ५९९ आणि पुढच्यांना ६०० मिळवायचे. उत्तर येते इसवी १७६०-६१, पानिपतचे साल. नोंदीत मग कोणाकडून कोणास, विषय दोन ओळींत, आणि कागदाची स्थिती. शब्द लागला नाही तर तिथे प्रश्नचिन्ह करावे. अंदाज खात्रीसारखा लिहिला की पुढचा अभ्यासक फसतो. कागद ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने परत बांधायचा, कारण तारीख नसलेल्या चिठ्ठीचा काळ पुष्कळदा शेजारच्या कागदावरून कळतो.

अशा नोंदींचे मोल संकटात कळते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, पुस्तके-पोथ्या विखुरल्या गेल्या. त्यानंतर आवराआवरीला विद्यार्थी आणि सामान्य पुणेकर धावून आले, ही या शहराने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण अशा प्रसंगी काय शाबूत आहे आणि काय गेले, हे सांगते ती आधी झालेली यादी. म्हणून संकटातल्या धावपळीइतकेच मोल रोज दुपारी बसून केलेल्या दहा नोंदींचे आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा प्रशिक्षणाला श्रेयांकांची जोड मिळाली आणि पदवीची मुले संग्रहांकडे वळू लागली. ठरलेले तास भरण्यात मोडी मात्र येत नाही. शनिवार-रविवार का होईना, वर्ष-दोन वर्षे येत राहणाराच वाचक होतो. संस्थेचीही जबाबदारी आहे. फुकटचे मनुष्यबळ म्हणून खोकी उचलायला मुले वापरणे अन्यायाचे. शेजारी बसून अक्षर लावून दाखवणारे एक जाणते माणूस हवे, आणि जमेल तिथे जाण्यायेण्याचे भाडे तरी द्यावे. नोंदीखाली ती करणाऱ्याचे नाव आणि दिनांकही असावा, म्हणजे वाचनात शंका आल्यास पुढच्याला ते कोणाचे आणि कधीचे हे कळते.

तुझा,
मामा