माथेरानच्या वाटेवर मोकळं मनगट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि समृद्धी महामार्गावरही. म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणाऱ्या क्रूझ कंट्रोलला सगळ्यात सोयीचे असे राज्यातले दोन्ही रस्ते मोटरसायकलवाल्याला बंद. तरीही मी माझ्या हिमालयन 450 ला बाहेरून क्रूझ बसवून घेतला. सोलापूरच्या पुढे कुठेही जायचं म्हटलं की तासन् तास मूठ एकाच कोनात पिळून धरावी लागते, आणि संध्याकाळपर्यंत उजव्या हाताची बोटं बधिर होतात. लांबच्या प्रवासाची आवड असलेल्या माणसाला हे दुखणं फार लागतं. प्रवास संपण्याआधी हात संपतो.

पहिल्या फेरीसाठी मी मुद्दाम माथेरान निवडलं. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत मधे दुभाजक असलेला जुना हायवे, मग बोरघाट, मग खोपोली-कर्जतचा अरुंद रस्ता आणि शेवटी नेरळचा खडा चढ. क्रूझ कुठे लावायचा आणि कुठे लावायचा नाही, हे एका दिवसात कळायला याहून चांगली वाट नाही.

या गाडीच्या मुठीतून इंजिनापर्यंत केबल जात नाही. मुठीतला सेन्सर आपण किती पिळलं ते विजेच्या दाबात सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याप्रमाणे मोटर लावून थ्रॉटल उघडतो. क्रूझचं किट या दोघांच्या मधे बसतं. मूठ सोडली तरी ती धरलेली आहे असा सिग्नल ते ईसीयूला देत राहतं आणि चाकाचा वेग बघून तो कमी-जास्त करतं. सेन्सर एक नाही, दोन सिग्नल पाठवतो. दोघांचा मेळ बसला नाही की ईसीयू बिघाड समजून इंजिनाची ताकद आवळतो. म्हणून किटला दोन्ही सिग्नल बरोबर त्याच प्रमाणात द्यावे लागतात. जुन्या केबलच्या गाड्यांना हे जमत नाही, तिथे केबल ओढणारी वेगळी मोटर किंवा व्हॅक्यूमचा डबा लागतो.

टाकी उतरवून कपलर जोडण्यात मिस्त्रीचा फार वेळ गेला नाही. वेळ गेला तो पुढच्या कामात. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत तो दुसऱ्या हाताचं बोट वायरवर ठेवून बसला होता, कुठे ताण पडतो का ते चाचपत. मग मागच्या ब्रेकच्या स्विचपाशी आला. "काका, पेडल दाबा. हळू." दिवा लागला. त्यानं स्विचची नट अर्धा आटा फिरवली. "परत." ब्रेक चाकाला लागायच्या जरा आधीच दिवा लागू लागला, तेव्हा कुठे त्यानं हात पुसले. क्रूझ सुटतो तो अशाच स्विचांवर. दोन्ही ब्रेक, क्लच आणि डाव्या हाताशी असलेलं बटण, यांपैकी कशालाही हात लागला की यंत्रानं त्या क्षणी गाडी आपल्या ताब्यात द्यायला हवी. विकत घेताना लोक विचारतात, वेग किती नीट धरतो. विचारायला हवं ते हे, की सोडतो किती तऱ्हांनी.

वेग धरणारं हे यंत्र ज्यानं शोधलं तो राल्फ टीटर लहानपणीच अंध झाला होता. शेजारी गाडी चालवणाऱ्याचा वेग बोलताना कमी आणि ऐकताना जास्त होतो, ते हिसके त्याला जाणवत, असं सांगतात. क्रायस्लरनं 1958 मध्ये ते आपल्या मोटारींत आणलं. मोटरसायकलपर्यंत यायला त्याला बराच काळ लागला.

देहूरोड मागे टाकला, वाहतूक विरळ झाली आणि मी सत्तरवर बटण दाबलं. मूठ हलकेच सोडली. वडगावच्या पुढे एका लांब चढावर इंजिनाचा आवाज आपोआप भरला, वेग मात्र हलला नाही. तळवा उघडून बोटं वाऱ्यात पसरली तेव्हा खरोखर आनंद झाला. पण हात मुठीवरून दूर न्यायचा नाही, हे पहिल्या काही किलोमीटरमध्येच पटलं. कामशेतजवळ एक ट्रॅक्टर दुभाजकाच्या फटीतून निघाला. पुढचा ब्रेक लिव्हर हलला मात्र, क्रूझ सुटला होता.

खंडाळ्याला मी तो बंदच केला. उतारावर क्रूझ थ्रॉटल मिटू शकतो, ब्रेक लावू शकत नाही. तिथे गाडी आवरायची ती गियरनं. वळणात किती पिळायचं हेही माणसानंच ठरवायचं असतं. पावसाळ्यात तर चाक घसरलं की सेन्सरला चुकीचा वेग मिळतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर बटणाकडे बघूही नये. अमृतांजन पूल होता ती जागा आता मोकळी दिसते. 1830 चा तो पूल 2020 मध्ये पाडला. खोपोलीकडे उतरताना शिंगरोबाच्या देवळापाशी थांबलो. घाटातून रेल्वेची वाट या धनगरानं दाखवली अशी कथा आहे. जाणारे-येणारे ट्रकवाले तिथे नाणं टाकतात, मीही टाकलं.

पळसदरी, कर्जत, नेरळ हा टप्पा रिक्षा, म्हशी आणि गतिरोधकांचा. नेरळहून वर निघालं की बराचसा चढ पहिल्या गियरवर. मधेच छोट्या गाडीचे रूळ आडवे येतात. आदमजी पीरभॉय कुटुंबानं 1907 मध्ये सुरू केलेल्या या दोन फुटी लोहमार्गावर वीसास एक असा चढ आहे. पूर्वी इथे डब्याडब्यावर हातब्रेक फिरवणारे ब्रेकमन असत. चढण्यापेक्षा थांबण्याची काळजी लोहमार्गवाल्यांनी जास्त घेतली होती, आणि ती मला फार योग्य वाटते.

दस्तुरीला वाहनांची हद्द संपते, तिथे इंजिन बंद करावंच लागतं. पुढे पायी, घोड्यावर नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीच्या शटलनं. गाडी लावत होतो तेव्हा डोंबिवलीहून आलेला एक तरुण जवळ आला. "दादा, हे बटण कसलं?" मी सांगितलं. त्याची गाडी केबलची होती, त्यालाही बसवायचं होतं. मी म्हटलं, "मागचा ब्रेक दाब बघू." पेडल बरंच खाली गेल्यावर दिवा लागला. "आधी हे नीट करून घे. क्रूझ नाही बसवलास तरी." टूलकिट टँकबॅगेत होतंच. तो पेडलवर वाकला, मी नट फिरवली, दिवा वेळेवर लागू लागला. मग मी हात धुऊन शटलच्या तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो.