कॅमेरा कोणता घ्यावा?

घरीं बसून चार वस्तू तयार कराव्या आणि त्या घरबसल्याच दूरदूरच्या गिऱ्हाइकांस विकाव्या, ही गोष्ट मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत आतां नवलाईची राहिलेली नाहीं. कोणाच्या घरीं मेतकूट व मसाले होतात, कोणाकडे गोधड्या शिवल्या जातात, कोणी मोत्यांच्या राख्या करतें. पूर्वीं व्ही. पी. नें माल मागवण्याची चाल होती व तेव्हांही जाहिरातींत वस्तूचें चित्र असे. पण तें ठशावरून छापलेलें, काळें-पांढरें, आणि त्यावरून रंगाची तक्रार करण्याची कोणास सोयच नव्हती. आज मोबाइलच्या पडद्यावर दिसणारें चित्र हेंच दुकान आणि हाच माल. कापडास हात लावून पाहण्याचें गिऱ्हाइकाचें काम कॅमेऱ्याकडे आलें आहे. तेव्हां तो कोणता घ्यावा हा प्रश्न पुष्कळ घरांत पडत असला पाहिजे. आमच्या घरीं तो पडला, आणि त्याचा विचार करतां करतां आम्हांस जें कळलें तें वाचकांपुढें, विशेषतः वाचक भगिनींपुढें ठेवावें असें वाटलें.

आमचें कुटुंब सांगलीचें. दोन्ही वेळां पानावर बसणारीं माणसें अकरा. त्यांत आमच्या काकू, वय अठ्ठ्याहत्तर, आणि सकाळच्या शाळेंत शिकवणाऱ्या धाकट्या सूनबाई, ह्या दोघींनीं चार वर्षांपूर्वीं खणाच्या वस्तू करण्यास आरंभ केला. बटवे, पिशव्या, दाराचीं तोरणें, बारशाच्या कुंच्या. खण येतो गुळेदगुड्डहून. तें गांव कर्नाटकांत, बागलकोट जिल्ह्यांत आहे. पण महाराष्ट्रांतील बायकांच्या चोळ्यांस त्यानें पिढ्यानुपिढ्या कापड पुरवलें आहे. रंग निवडणें व कांठ जुळवणें काकूंकडे, शिवण दोघींकडे, आणि चित्रें काढणें, गिऱ्हाइकांस उत्तरें देणें व टपाल हें सूनबाईंकडे. गेल्या वर्षीं खर्चवेंच वजा जाऊन ६२,००० रुपये शिल्लक राहिले. काकूंच्या आयुष्यांत स्वतःच्या नांवाचा असा हा पहिला पैसा.

दसरा ते दिवाळी ह्या हंगामांत चाळीस वस्तू बाहेरगांवीं गेल्या. त्यांपैकीं सहा परत आल्या, आणि पांचांवर कारण एकच लिहिलेलें: रंग चित्रांतल्यासारखा नाहीं. नागपूरच्या एका बाईंनीं नातवाच्या बारशाकरितां मोरपंखी कुंची मागवली होती. चित्रांत ती निळी दिसली, हातीं पडली ती हिरवी. जाण्यायेण्याचा टपालखर्च अंगावर बसला, तो सोसवला असता. काकूंना लागलें तें निराळें. "म्हणजे आपण निळी दाखवून हिरवी गळ्यांत मारली, असेंच त्या बाईंना वाटलें असणार ना ग?" असें त्या सूनबाईंना म्हणाल्या, आणि दोन दिवस शिवणावर बसल्या नाहींत. ऑनलाइन विक्रीसंबंधीं ग्राहक संरक्षणाचे जे नियम २०२० सालीं झाले, त्यांत विक्रेत्याची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशीं जुळती असली पाहिजे असें बंधन आहेच. काकूंस तो नियम ठाऊक नाहीं. त्यांचें त्यावांचून अडलेलेंही नाहीं.

आतां ह्यांत लबाडी कोणाचीच नव्हती. खणाचा ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असला म्हणजे कापडास धूपछाव येते. एका अंगानें पाहिलें तर निळा वर येतो, जरा कलतें धरलें कीं हिरवा. आपली मान हलते, हात कापड हलवतो, म्हणून दोन्ही रंग आपणांस एकदम कळतात. कॅमेऱ्याला डोळा एकच, आणि तोही खिळलेला. त्यांत मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्वतःची अक्कल दिलेली असते. तो एका चित्रासाठीं पाठोपाठ अनेक चित्रें टिपून त्यांचा मेळ घालतो, सावल्या उजळतो, रंग खुलवतो. सहलीच्या चित्रांस हें शोभतें. विक्रीच्या मालास ही कृपा नको असते. शिवाय पांढरा रंग कशाला म्हणावयाचें हें तो दर चित्रास नव्यानें ठरवतो, त्यामुळें एकाच कापडाच्या दोन पिशव्या शेजारीं शेजारीं लावल्या तर त्या सख्ख्या बहिणी वाटत नाहींत.

प्रश्न घरांत निघतांच आमच्या पुतण्यानें एक यादी करून आणली. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे आणि ह्या वयांत यादी नेहमीं सर्वांत महागाच्या वस्तूपासून सुरू होते. मोठ्या संवेदकाचा, आरसा नसलेला नवा कॅमेरा आणि त्याचें भिंग, मिळून दीड-पावणेदोन लाख. आमच्या वडील बंधूंनीं यादी वाचली, चष्मा काढून ठेवला आणि विचारलें, "कुंची केवढ्याची?" पुतण्या गप्प बसला. आम्ही तरुणपणीं फिल्मच्या कॅमेऱ्यानें बरीच छायाचित्रें काढलेलीं असल्यामुळें निवाडा आमच्याकडे आला.

यादींत ठळक होता तो ठिपक्यांचा आंकडा. चार कोटी ठिपके, सहा कोटी ठिपके! ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन ह्यांनीं १९७५ सालीं पहिला अंकीय कॅमेरा जुळवला, त्याच्या चित्रांत ठिपके होते अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. तेथपासून आजवर हा आंकडा इतका वाढला आहे कीं विक्रीच्या कामांत त्याचें महत्त्वच उरलेलें नाहीं. ॲमेझॉनसारख्या बाजारांत चित्र मोठें करून पाहतां यावें म्हणून त्याची लांब बाजू हजार ठिपक्यांची असली तरी भागतें. हजार गुणिलें हजार म्हणजे दहा लाख. बाजारांतला साधा कॅमेराही ह्याच्या वीसपट देतो. म्हणून आंकड्यास भुलून एक रुपयाही अधिक देऊं नये.

संवेदकाच्या आकाराची गोष्ट मात्र खरी आहे, पण तीही अर्धी. जुन्या फिल्मएवढा पूर्ण संवेदक ३६ गुणिलें २४ मिलिमीटरचा. मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्यांतला सुमारें २३.५ गुणिलें १५.६ चा, मोबाइलमधला चांगल्यांतला चांगला घेतला तरी त्याहून कितीतरी लहान. मोठ्या संवेदकावर उजेड अधिक पडतो व अंधुक जागीं चित्र निर्मळ येतें. परंतु वस्तु जवळून टिपतांना मोठा संवेदक एक अडचणही आणतो: पिशवीचा पुढचा कांठ रेखीव आला तर मागचा बंद धूसर होतो. माणसाच्या चित्रांत हा धूसरपणा सुंदर दिसतो. गिऱ्हाइकाला बंदाची शिवणही पहावयाची असते. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचें छिद्र आठ ते अकरा आंकड्यापर्यंत लहान करणें. तसें केलें कीं उजेड कमी शिरतो, झांप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते, हात हालतो, म्हणून तिपाई हवी. अशा रीतीनें कॅमेऱ्याच्या गोष्टी निघाल्या कीं त्या तिपाईपाशीं येऊन थांबतात. सूनबाईंना आम्हीं पहिली खरेदी तिचीच करण्यास सांगितलें.

भिंगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मोबाइलचें मुख्य भिंग जुन्या फिल्मच्या हिशेबानें २४ ते २६ मिलिमीटरचें, म्हणजे रुंद दृष्टीचें असतें. तें वस्तूच्या जवळ नेलें कीं जवळचा भाग फुगतो. चौकोनी बटवा पोट सुटल्यासारखा दिसतो. दोन पावलें मागें सरून दुप्पट मोठेपणाची खूण दाबली तर हा दोष बराच जातो, आणि ह्याला पैसा लागत नाहीं. पण खणाची वीण, तिच्यांतले बारीक बुट्टे व कांठाचा धागा दाखवावयाचा तर 'मॅक्रो' म्हणतात तें भिंग पाहिजे. तें वस्तूची प्रतिमा संवेदकावर मूळ आकाराएवढी उमटवूं शकतें.

बोलून निर्णय होईना, तेव्हां आम्हीं एका स्नेह्यांकडून मध्यम संवेदकाचा कॅमेरा व ६० मिलिमीटरचें असें भिंग आठ दिवसांकरितां मागून आणलें. तीच पिशवी, तीच पांढरी चादर, तीच उत्तरेची खिडकी. एक चित्र मोबाइलचें व एक कॅमेऱ्याचें. रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्वांपुढें दोन्ही ठेवलीं. खिडकीच्या उजेडांतलीं चित्रें ओळखतांना अकरांपैकीं सहाजण चुकले, ही गोष्ट पुतण्यास फारशी रुचली नाहीं. परंतु दिव्याखालचीं चित्रें पुढें येतांच सर्वांनीं एका आवाजांत कॅमेऱ्याचें चित्र ओळखलें. आणि विणीचें चित्र पाहून काकू म्हणाल्या, "हा धागा मला हल्लीं डोळ्यांनींसुद्धां दिसत नाहीं रे!"

तेव्हां प्रश्नाचें मूळ कॅमेऱ्यांत नसून उजेडांत आहे हें उघड झालें. साध्या पिंवळ्या दिव्याचा उजेड सुमारें २,७०० केल्व्हिनचा, भर दुपारच्या उन्हाचा ५,५०० च्या आसपास, आणि निळ्या आकाशाखालच्या सावलीचा सात हजारांच्याही वर. एका बाजूनें खिडकी व दुसऱ्या बाजूनें दिवा असला तर कापडाचा अर्धा भाग निळसर व अर्धा पिंवळट होतो, आणि असल्या मिश्र उजेडाचें पाप कोणताही कॅमेरा धुऊं शकत नाहीं. उत्तरेच्या खिडकीचा दहा ते तीन ह्या वेळचा उजेड हा फुकटचा आणि सर्वोत्तम, असें आम्हीं मोठ्या समाधानानें सांगितलें.

त्यावर सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, दहाला मी शाळेंत असतें. साडेबाराला येतें तों पानें वाढायचीं असतात. आवरून होतें तेव्हां तीन वाजतात. माझा उजेड रात्रीं साडेनवाला सुरू होतो."

ह्या उत्तरांत तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता. पण त्या हिशेबानें सर्व चर्चेचा रोख फिरला. पुस्तकांतला उत्तम उजेड आणि घरांतल्या कर्त्या बाईचा मोकळा वेळ ह्यांची गांठ आमच्या समाजांत सहसा पडत नाहीं, आणि अशा धंद्यांवर लिहिणारे हें लिहीत नाहींत. थोरल्या सूनबाईंनीं तेथल्या तेथें सांगितलें कीं मंगळवारीं व शुक्रवारीं दुपारचें वाढणें-आवरणें त्या एकट्या पाहतील. आठवड्यांतून दोन दुपारी मिळाल्या. उरलेल्या रात्रींसाठीं रंग खरे दाखवणारे, म्हणजे ज्यांच्या खोक्यावर रंगनिष्ठेचा आंकडा ९५ किंवा अधिक छापलेला असतो असे, दोन दिवे घ्यावे व त्यांपुढें पातळ पांढरें कापड ताणावें असें ठरलें. दिवे लावले कीं खोलींतला दुसरा दिवा बंद. प्रत्येक वेळीं पहिलें चित्र एका करड्या पुठ्ठ्याचें काढावयाचें आणि कॅमेऱ्यास रंगाचा तोल त्यावरून बांधून द्यावयाचा. पितळी किंवा चांदीच्या वस्तू विकणाऱ्यांनीं तर पांढऱ्या कापडाचा तंबूच करावा, नाहींतर समईच्या गोटींत चित्र काढणारी बाई, तिचा मोबाइल व मागचें कपाट हीं सर्व सुबक उमटतात.

पैशाचा प्रश्न उरला होता. वडील बंधु म्हणाले, घरच्या खर्चांतून घेऊं. काकूंनीं साफ नाकारलें. "घरचा कॅमेरा झाला कीं तो लग्नामुंजींना जाईल, पोरें सहलीला नेतील. आमच्या पैशाचा असला म्हणजे तो आमच्या कपाटांत राहील." एकत्र कुटुंबांत सहासष्ट वर्षें काढलेल्या बाईच्या ह्या म्हणण्यावर आम्हां भावांपाशीं उत्तर नव्हतें. कर्ज नाहीं, हप्ते नाहींत. त्यांच्या शिल्लकेंतून ४५,००० च्या आंत बसेल तेवढेंच.

त्या रकमेंत हें आलें: मध्यम संवेदकाचा, आरशाचा, कोणीतरी वापरलेला कॅमेरा, ६० मिलिमीटरचें वापरलेलें मॅक्रो भिंग, तिपाई व दोन दिवे. कॅनन व निकॉन ह्या दोघांनींही २०१८ सालीं मोठ्या संवेदकाचे बिनआरशाचे कॅमेरे काढल्यापासून हौशी मंडळी तिकडे वळली आहेत, आणि आरशाचे चांगले कॅमेरे निम्म्याशिम्म्या किमतींत विकावयास निघतात. टेबलावरच्या स्थिर वस्तूस आरसा असला काय अन् नसला काय! वापरलेला माल घेतांना झांप किती वेळां उघडली आहे तो आंकडा विचारावा, आणि भिंग उजेडासमोर धरून आंत बुरशीचें जाळें नाहीं ना हें पहावें. आपल्याकडच्या पावसाळ्यांत, कोंकणांत तर विशेषच, भिंगांस बुरशी धरते. आमचें भिंग घट्ट झांकणाच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवलेलें असतें. तो डबा काकूंनीं पापडांच्या डब्यांतून काढून दिला.

ज्यांच्या मालांत धूपछाव नाहीं, मसाले, राख्या, लांकडी खेळणीं असलें कांहीं आहे, त्यांनीं मात्र हातांतला मोबाइल, तिपाई व खिडकी एवढ्यावर एक वर्ष निभावून पहावें असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यांतही मोबाइलमध्यें रंगाचा तोल हातानें बांधण्याची सोय असेल तर ती शिकून घ्यावी.

धूपछावीचा पेंच कॅमेऱ्यानेंही पुरता सुटला नाहीं, कारण एका चित्रांत दोन रंग मावत नाहींत. आतां प्रत्येक वस्तूचीं तीन चित्रें जातात: एक सरळ, एक कलतें, एक विणीचें; शिवाय कापड हातांत फिरवून दाखवणारी चार सेकंदांची चित्रफीत. खालीं वर्णनाची ओळ काकू सांगतात आणि सूनबाई उतरवून घेतात: उन्हांत हिरवा, घरांत निळा, आणि धुतल्यावर जरा हिरव्याकडेच झुकणारा. एवढ्यानेंही ज्यांची खात्री पटत नाहीं त्यांना काकू दोन बोटें रुंदीचा कापडाचा तुकडा पाकिटांत घालून साध्या टपालानें पाठवतात. नागपूरच्या बाईंना असे दोन तुकडे गेल्या सोमवारीं पाठवले आहेत. उत्तर अजून यावयाचें आहे.