विद्यार्थ्याचा उंबरठा

‘विद्यार्थी’ या शब्दातील ‘अर्थी’ म्हणजे मागणारा. मागणाऱ्याला कोणाच्या तरी दाराशी जावे लागते. हे जाणे म्हणजेच विद्यार्थीपणाचे अर्धे अंग होय, असे आम्हांस वाटते. २०२० सालच्या मार्चमध्ये महाविद्यालयांची दारे मिटली, तेव्हा या अर्ध्या अंगाचे मोल आमच्या निपाणीत पुरतेपणी ध्यानात आले.

निपाणी बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात. गावाला लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय मात्र कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. त्याची पदवी शिवाजी विद्यापीठाची. येथील मुले रोज एक राज्य ओलांडून शिकावयास जातात आणि त्याचे त्यांना काहीच वाटत नाही. महामारीत ही सीमा एकाएकी खरी झाली. महामार्गावर कोगनोळीला तपासणी सुरू झाली. व्याख्याने तेवढी सीमा न जुमानता भ्रमणध्वनीतून घरोघर आली. सीमाभागातील माणसाला कौतुक वाटावे, असेच हे नवल होते.

परंतु वर्ग घरात आला आणि विद्यार्थी हरवला. आमच्या शेजारची एक मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. उंबरठ्याबाहेर ती विद्यार्थिनी; घरात थोरली लेक. मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता आई हाक मारी. इकडे व्याख्यान चाले आणि हिचे कान कुकरच्या शिट्टीकडे. एकदा ती म्हणाली, “काका, हजेरीत माझं नाव असतंय, पण मी नसते.” हा आळस नव्हता. मागणाऱ्याला उभे राहावयास जागाच उरली नव्हती.

कोणी म्हणतील, एकलव्य गुरूवाचून शिकला. खरे, पण त्यानेही वनात जाऊन गुरूची मातीची मूर्ती घडविली आणि नित्य तिच्यासमोर तो उभा राहिला. त्यानेही आपल्यापुरते एक दार उभारलेच.

जूनमध्ये कर्नाटकातील देवळे उघडली. पुढे वर्ग सुरू होताच ती मुलगी वेणीफणी करून, वही घेऊन, गल्लीतल्या देवळाच्या ओवरीत जाऊन बसू लागली. तिचे गुण फार वाढले, असे नाही; पण ती पुन्हा प्रश्न विचारू लागली. देव घरच्या देव्हाऱ्यातही असतो, तरी आपण देवळाची पायरी चढतोच ना? तसेच हे.

आता महाविद्यालये पूर्ववत् भरतात. तथापि घरबसल्या शिकण्याची सोय राहिली आहे आणि दूरच्या, गरीब मुलांना ती वरदानच आहे. म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांना आमची विनंती, की दुपारी रिकाम्या असणाऱ्या ओवऱ्या या मुलांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. आणि आईबापांना एवढेच सांगणे, की लेक घरीच शिकत असेल, तर तेवढा तासभर तिला हाक मारू नये.