गोधडीचा कच्चा माल

आमच्या हॉस्टेलमध्ये अंथरूण-पांघरुणाचे दोन पंथ आहेत. एक, वाघाचं नाहीतर गुलाबाचं चित्र असलेलं जाडजूड ब्लँकेट. दुसरा, ऑनलाइन मागवलेलं राखाडी कम्फर्टर. आणि अल्पसंख्याक म्हणाल तर बी विंगमध्ये मी एकटा गोधडीवाला! फर्स्ट इयरला सगळे मला 'गोधडेबुवा' म्हणायचे. (गाडगेबाबांनाही लोक याच नावाने ओळखत, हे चिडवणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मी सन्मान समजून घेतला.) आता थर्ड इयरला हवा बदललीय. जानेवारीत गारठा वाढला की हेच महाभाग "एक रात्र दे ना रे" म्हणत दारात उभे असतात.

गोधडी उबदार का असते याचं उत्तर आपल्या हीट ट्रान्स्फरच्या पुस्तकात आहे. साचलेली हवा उष्णतेची फार वाईट वाहक. कापडाच्या सहा-सात थरांमध्ये ती अडकून बसते, आणि ते थर सरकू नयेत, हवेला हलायला जागा मिळू नये म्हणून टाके. आजीने फूरिएचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण इन्सुलेशन तिचं चोख आहे.

एकदा व्हायवाच्या आदल्या रात्री अभ्यास सोडून मी माझ्या गोधडीचा हिशेब केला. लांबी सहा फूट, रुंदी साडेचार फूट. दोऱ्याच्या दोन ओळींत अंतर साधारण दीड सेंटिमीटर. क्षेत्रफळाला या अंतराने भागलं की ओळींची एकूण लांबी निघते : सुमारे १६७ मीटर. सेंटिमीटरला एक धावदोरा धरला तर सोळा हजार सातशेच्या आसपास टाके! हा आकडा मी मोठ्या कौतुकाने घरी फोन करून सांगितला. आजी म्हणाली, "मोजत बसलास तेवढ्यात एक बाजू भरून झाली असती."

आमचं घर कडावला. कर्जतहून कशेळ्याकडे निघालं की वाटेत लागतं, बाल दिगंबराच्या गणपतीचं गाव. शेती भाताची, भात निघालं की वाल. भातकापणी, झोडणी आटोपली, वालाला शेंगा धरल्या, पोपट्या लागायला लागल्या, की आजी पडवीत कापड पसरते. चारी कोपऱ्यांना पाट्याचा दगड, वरवंटा, पाण्याचा तांब्या, जे हाताला लागेल ते वजन. मग कडेपासून दोरा सुरू होतो तो चौकोनात चौकोन करत मध्याला जाऊन थांबतो. होळीपर्यंत एक, फार तर दोन गोधड्या. पुढे ऊन तापलं की जुन्या गोधड्या धुवायच्या. पावसात गोधडी भिजली तर मेलीच म्हणा. आमच्याकडच्या पावसात ती आठ-आठ दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते तो धरतेच.

आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. टाका तिला हाताने कळतो, डोळे लागतात ते फक्त सुई ओवायला. म्हणून सुट्टीला गेलो की माझं पहिलं काम ठरलेलं. रिळाच्या दोऱ्यात एकामागोमाग पंचवीस सुया ओवून ठेवायच्या. आजी पहिली सुई घेते, हातभर दोरा ओढते, बाकीच्या सुया मागे सरकवते आणि दोरा तोडते. पंचवीस सुया दोन दिवस पुरतात. मग बाबांना ओवाव्या लागतात आणि ते कुरकुर करतात.

घरात आईचं पायमशीन असताना हा हाताचा खटाटोप कशाला, असं मीही विचारलं होतं. कारण साधं मेकॅनिकल आहे. मशीनची सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यातली जागा वीतभर. गोधडीचं मधलं शिवायचं तर अर्धी गोधडी गुंडाळून त्या वीतभर जागेत कोंबायला हवी. जात नाही. शिवाय सात थर दाबपट्टीखाली सरकत नाहीत, खालचं कापड पुढे पळतं आणि वरचं मागे राहतं. म्हणजे ज्या कामाला सोळा हजार टाके लागतात तिथेच घरचं मशीन हात टेकतं!

पण म्हणून मशीनला नावं ठेवू नका, माझी सेमिस्टरची फी त्यातून निघते. हाताच्या सुईला भोक मागे असतं. ते टोकाशी आणलं की सुई कापडातून आरपार न्यावी लागत नाही, नुसती टोचून परत आली तरी दोऱ्याचा फास खाली राहतो आणि बॉबिनचा दोरा त्यातून निघून जातो. एलियस हॉवने याचं पेटंट १८४६ साली घेतलं, आयझॅक सिंगरने आपलं मशीन १८५१ साली आणलं. यंत्रांबद्दल शंका घेणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली 'यंग इंडिया'त सिंगरच्या मशीनला अपवाद ठरवलं. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते प्रेमाने केलं, असं ते म्हणाले. (सिंगरसाहेबांचे संसार एकाहून जास्त होते. नेमक्या कुठल्या बायकोचे कष्ट, हा प्रश्न उरतोच.)

आईच्या शिवणाचा ग्राफ काढला तर तो साइन वेव्हसारखा दिसेल. लग्नसराईत जेवायला फुरसत नाही, लावणी सुरू झाली की महिनाभर एक ब्लाउज नाही, गणपती-दिवाळीला पुन्हा वर. पूर्वी जूनमध्येही एक शिखर असायचं, शाळेचे गणवेश. मग एका शाळेने गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्यायचा नियम केला आणि ते शिखर सपाट झालं. आता अस्तराचे ब्लाउज, फॉल-पिको आणि आल्टरेशन. रेडीमेड कुर्ता विकत घेऊन तो आईकडून दोन्ही बाजूंनी आत घेणाऱ्या गिऱ्हाइकांवर आमचं बरं चाललंय. शिलाई वाढवली की "बाजारात आख्खा ड्रेस एवढ्यात येतो" हे ऐकायला मिळतं. आई उत्तर देत नाही, टेप गळ्यात घालते आणि माप घेते.

विणकामाबद्दल थोडक्यात. मी कॉन्व्हेंटचा. आमच्या सिस्टरनी मुलामुलींना एकत्र बसवून दोन सुयांवर 'निट वन, पर्ल वन' शिकवलं. घरी आल्यावर कळलं की यालाच सुलट-उलट म्हणतात, आणि आजीला ते येत नाही. कडावला स्वेटर किती दिवस घालणार? माझा मफलर तीन वर्षं पुरला, पुढे तो मांजरीने घेतला. असो.

आता मुद्द्यावर येतो. सगळे म्हणतात गोधडी संपली कारण आजकालच्या बायकांना वेळ नाही, हौस नाही. मला हे पटत नाही. आमच्या आळीत शिवणाऱ्या अजून चौघी-पाच जणी आहेत. संपलंय ते कापड.

गोधडीला नवं कापड चालत नाही. वापरून, धुऊन, उन्हात वाळून मऊ झालेलं सुती कापड लागतं. आजीच्या घरात ते कुठून आलं? आजोबा मुंबईला गिरणीत होते. कामगारांना गिरणीचं कापड स्वस्तात पडायचं. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर सुती कापड, धोतरं वेगळी. लुगडं फाटेपर्यंत नेसायचं, फाटलं की ट्रंकेत आणि ट्रंकेतून गोधडीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आजोबाही वर्षभर वाट बघून गावी आले आणि भातशेतीला लागले. घरात सुती लुगडं यायचं थांबलं ते तेव्हापासून.

आईच्या साड्या सिंथेटिक, घरात गाऊन. ताईच्या लेगिंग्ज ताणल्या की दुप्पट होतात. यांची गोधडी होत नाही का? होते, पण सुई निसटते, थर एकमेकांवरून घसरतात, आणि मुख्य म्हणजे घाम टिपला जात नाही. कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा हवेतून धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. शेजारच्या काकूंनी एक संपूर्ण शिफॉनची गोधडी शिवली. दिसते झकास. रात्री पांघरली की ठिणग्या उडतात!

जगात इतरत्रही हीच गोष्ट. बंगालचा कांथा जुन्या साड्या-धोतरांचाच. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावर घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि २००२ साली त्या ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. भिंतीवर लावायला माझी हरकत नाही, पण मग पांघरायचं काय?

आमच्या ट्रंकेत जो साठा उरला होता त्याचं काय झालं ते सांगतो. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरीच सुती मास्क शिवून वापरा असं सांगितलं. आईची सगळी गिऱ्हाइकं एका दिवसात बंद झाली होती. तिने ट्रंक उघडली. आजोबांची धोतरं, दोन लुगडी, चादरी, सगळं मास्कमध्ये गेलं. मी इस्त्रीने तीन-तीन चुण्या पाडून द्यायचो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, वीज गेली, पण पायमशीनला विजेचं काय? मेणबत्तीपाशी बसून आईने शिवणं चालू ठेवलं. त्या दोन महिन्यांत घर मास्कवर चाललं. पुढे जुलै २०२३ मध्ये आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा गावातून मदत गेली. वापरलेलं देऊ नये म्हणून आजीने कोऱ्या ठेवलेल्या दोन गोधड्या दिल्या. ताईच्या लग्नासाठी शिवल्या होत्या.

मग ट्रंकेत उरलं एकच लुगडं. आजोबांनी १९८१ च्या दिवाळीला गिरणीतून आणलेलं, संपाआधीचं शेवटचं. गेल्या डिसेंबरात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळाला दुपटी हवीत, गोधडी हवी. आई म्हणाली, हे लुगडं कापायचं नाही, मामंजींची आठवण आहे. दिवसभर लोकांच्या कापडाला कात्री लावणारी माझी आई त्या एका लुगड्याला हात लावू देईना. दोन दिवस घरात कुणी धड बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजीने लुगडं उलगडून उन्हात धरलं. जिथे जिथे घडी होती तिथे रेघेत कापड विरलं होतं.

"ठेवून ठेवून घडीवर तुटतंय बघ," ती आईला म्हणाली. "आणि आणलंन ते मला. मी कापते."

काठ तेवढे तिने सोडवून आईच्या हातात दिले. बाकीचं कापलं.

एका लुगड्यातून दुपटी झाली आणि गोधडीची वरची बाजू झाली. आतल्या थरांचं काय? तिथे मी उपयोगी पडलो. आपल्या हॉस्टेलचे सीनियर्स जाताना चादरी तशाच टाकून गेले होते. त्यातल्या अकरा मी धुऊन ठेवल्या होत्या, त्या घरी नेल्या. आजीने प्रत्येकीवर पाण्याचा थेंब टाकला. लगेच जिरला तर सुती, मोत्यासारखा वर बसला तर बाजूला. (आपल्या भाषेत नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग!) सहा पास, पाच नापास. दोन चादरींवर मार्करने रूम नंबर लिहिलेले होते, ते तसेच आत गेलेत.

भाची आता चार महिन्यांची आहे आणि त्या गोधडीवर पालथी पडते. आजीने माझ्यासाठी नवी धरायची म्हटलंय, डोळ्याचं दुसरं ऑपरेशन झालं की. तेव्हा फायनल इयरच्या मंडळींना विनंती : जाताना सुती चादरी कचऱ्यात टाकू नका. बी विंग, जिन्याशेजारची खोली. आधी एक थेंब पाणी टाकून बघा, आणि जमलं तर धुऊन द्या.