औषध आणि ओढ

शृंगाराला रसराज म्हणून गौरवणारे आपण. आमच्या इंदूरहून फार दूर नसलेल्या धारच्या राजा भोजाने तर ‘शृंगारप्रकाश’ रचून हाच एक रस खरा मानला. वर्गात हे शिकविताना जीभ अडखळत नाही. घरात मात्र या विषयाचा उच्चारही वर्ज्य! नैराश्यावरील गोळी मन सावरते, हे आता आपल्या कुटुंबांतून मान्य होऊ लागले आहे. तीच गोळी पतिपत्नींच्या सहवासात काय करते, याविषयी मात्र लहानथोर सारेच मौन पाळतात.

गेली दोन वर्षे मी अशी गोळी घेत आहे. पहाटे तीनला जाग यावी, प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर उभे राहणेही जड व्हावे, अन्नाची चव जावी, अशी माझी अवस्था होती. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केले. तीन-चार आठवड्यांत झोप परतली, चेहऱ्यावर हसू आले. पण हळूहळू दुसरेही काही ओसरू लागले. दुःखाबरोबर आनंदाचीही धार बोथटली. सौ.विषयीचा जिव्हाळा तसूभरही उणावला नव्हता; देहाची ओढ तेवढी मावळली. एके रात्री तिने हलकेच विचारले, “अहो, माझं काही चुकलं का?” एकोणतीस वर्षांच्या संसारात असा प्रश्न तिने कधी केला नव्हता.

पुढल्या भेटीस ती माझ्याबरोबर आली. डॉक्टर म्हणाले, “सर, बरेच जण हे सांगतच नाहीत आणि गोळ्या परस्पर बंद करतात.” तसे केल्यास चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होते आणि मूळ आजार उलटण्याचे भय असते ते निराळेच. या औषधांमुळे मज्जापेशींमधील फटीत सेरोटोनिन अधिक काळ टिकते. त्याने मनाला आधार मिळतो, पण उत्सुकता आणि सुख यांच्याशी निगडित असलेल्या डोपामिनचा जोर मंदावू शकतो. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारे संप्रेरक, वाढते आणि कामेच्छा उणावते. गंमत अशी की, याच कुळातील डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनावर दिले जाते. एकाचा उपद्रव तो दुसऱ्याचा उपचार! हा त्रास स्त्रियांनाही होतो. त्यांना विचारतो कोण?

मात्र सारा दोष गोळीच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. नैराश्य स्वतःच इच्छा हिरावून घेते. वय, मधुमेह, रक्तदाबाची औषधे यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून डॉक्टरांनी प्रथम साखर, थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घेतले. क्वचित औषध थांबविल्यावरही हा त्रास टिकून राहतो, असा इशारा युरोपच्या औषधनियामक संस्थेने २०१९ मध्ये दिला आहे. हे ऐकून सौ. दचकली. पण पूर्वीच्या त्या पहाटाही तिने पाहिल्या होत्या. “औषध सोडायचं नाही,” हे तिनेच माझ्याआधी सांगितले.

मग जुनी मात्रा हळूहळू उतरवून ब्युप्रोपिऑन सुरू झाले. त्यात हा उपद्रव कमी. फिट येणाऱ्यांना मात्र ते देत नाहीत. माझे तोंड कोरडे पडते, म्हणून शाळेत जाताना खिशात लवंग असते. झोप थोडी उणावली आहे. ओढ परत येते आहे, सावकाश. पुढील तपासणी श्रावणात आहे, सौ.ने आपले स्वतःचे दोन प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत. ते तिने अजून मला दाखविलेले नाहीत.